पाणी यायच्या आधी वाटणी

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर कृष्णेचं पाणी होतं. सगळ्या देशानं कौतुक केलं, ते रास्तच होतं. फक्त त्याच उन्हाळ्यात मिरजेच्या पूर्वेला, याच जिल्ह्यातल्या जत तालुक्यात, वाड्यावस्त्यांवर टँकर फिरत होते. मग ऑगस्ट २०१९ आला. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं, बाजारपेठेत होड्या चालल्या, आणि त्या आठवड्यातही जत-आटपाडीकडचे टँकर बंद झालेले नव्हते. आपल्याकडे पाणीच कमी आहे असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवून बघावीत.

हे आठवायचं कारण असं, की हल्ली एक मांडणी कानावर येते. विशेषतः शिकलेल्या पोरांच्या तोंडी. सगळ्या दुखण्याचं मूळ पैसा आहे, तेव्हा पैशावर चालणारी अर्थव्यवस्थाच मोडीत काढावी. पाणी, जमीन, जंगल, वीज हे सगळ्यांचं मानावं. किती आहे ते मोजावं आणि गरजेप्रमाणे, संपणार नाही अशा बेतानं वापरावं. ऐकायला छान वाटतं. हे सांगणाऱ्याला वेड्यात काढायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही, कारण यातलं निम्मं आपण सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात करून पाहिलेलं आहे. उरलेलं निम्मं मात्र पटत नाही, आणि त्यावरच हा लेख आहे.

आधी जे जमतं ते. सामाईक विहीर कोणाला नवी नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात 'विहिरीत हिस्सा चार आणे' अशी नोंद असते आणि त्या नोंदीवर भावकीच्या तीन-तीन पिढ्या पाणी पाजत आलेल्या असतात. आठ दिवसांचं चक्र धरलं तर आठ आणेवाल्याला चार दिवस, चार आणेवाल्याला दोन, दोन-दोन आणेवाल्यांना एकेक. मोटा गेल्या, इंजिनं आली, इंजिनं जाऊन विजेच्या मोटरी आल्या, तरी पाळी टिकली. शेतीची लाईट आठ तास, कधी दिवसाची तर कधी रात्रीची, असं सुरू झाल्यावर तर दिवसांचा हिशेबच कोलमडायला हवा होता. लोकांनी काय केलं, पाळी दिवसांवरून विजेच्या तासांवर आणली. माझ्या पाळीत लाईट तीन तास गेली, तर ते तीन तास पुढं मिळायचे. मोटरीच्या खोलीत भिंतीवर कोळशानं आकडे मांडलेले असतात, ते हेच. त्यावरून भांडणं होतात, कधी डोकीही फुटतात. पण मोडकी का होईना, ती व्यवस्था चालते. तिला ना इंजिनिअर लागला, ना तहसीलदार, ना पाण्याचा बाजारभाव.

ती मोडते कधी? बहुतेक वेळा चार आणेवाल्यानं जास्त पाणी चोरलं म्हणून मोडत नाही. चोरी दिसते, चोराला चावडीवर बोलता येतं. मोडते तेव्हा, जेव्हा एखाद्याला बेदाण्याला बरा दर मिळतो, हातात चार पैसे येतात आणि तो विहिरीपासून चाळीस-पन्नास फुटांवर स्वतःचं बोअर मारतो. त्याला कुणाला विचारावं लागत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपल्याकडे धरून चाललेलं आहे, की ज्याची जमीन त्याचं तिच्या खालचं पाणी. सातबारा वेगळा असला तरी खालचा खडक वेगळा नसतो. दोन-तीन उन्हाळ्यांत विहिरीचे झरे आटतात, मग दुसरा बोअर मारतो, तिसरा कर्ज काढून त्याहून खोल मारतो, आणि ज्याला काहीच मारता येत नाही तो टँकरच्या रांगेत जातो किंवा कोयता घेऊन ऊसतोडीला. कोरडी विहीर तशीच राहते आणि सातबाऱ्यावरचा चार आण्यांचा हिस्साही.

पैशाविषयी माझी तक्रार इथं आहे. पैसा माणसाला हावरा करतो वगैरे प्रवचन मला करायचं नाही. पैसा यायच्या आधीही माणूस काही साधुसंत नव्हता. पैसा करतो ते एवढंच, की ज्याच्याकडे तो आहे त्याला पाळीतून उठून जायची सोय करून देतो. पाळीत राहणं भाग असतं तोवर तुम्ही भांडता, पण तुम्हाला शेजाऱ्याशी बोलावंच लागतं. उठून जाता आलं की शेजारी उरतच नाही, आणि तुमचं उठून जाणं त्याच्या वाट्यातून वजा होतं. दरपत्रकात ही वजाबाकी कुठंच दिसत नाही. बोअरवाल्याचा दर फुटावर असतो. शेजारच्या विहिरीचे झरे त्यात धरलेले नसतात.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञानं असं मांडलं, की सामाईक कुरण असेल तर प्रत्येक जण एकेक जनावर वाढवत जाणार आणि कुरण उजाड होणार. त्यातून निष्कर्ष निघाला, एकतर खासगी करा नाहीतर सरकारजमा करा. गायरानांवर हात मारू पाहणाऱ्यांना हा युक्तिवाद फार सोयीचा ठरला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र नेपाळ, स्पेन, जपान, स्वित्झर्लंड इथली शेकडो वर्षं चाललेली पाटपाणी आणि कुरणं तपासली आणि दाखवलं, की जिथं वापरणारे कोण हे ठरलेलं असतं, नियम त्यांनी स्वतः केलेले असतात आणि राखणही त्यांचीच असते, तिथं सामाईक गोष्ट टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायच्या रीतीत, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं तेच शतकानुशतकं केलं होतं, त्याला कुणी काही दिलं नाही. असो. आपल्याकडचं ताजं उदाहरण हवं असेल तर कासचं पठार बघा. फुलांच्या रक्षणासाठी म्हणून तारेचं कुंपण घातलं, गुरं आत जायची बंद झाली, तशी गवत माजून फुलं दबू लागली. काही वर्षांनी ते कुंपण काढावं लागलं. गुरं चारणारी माणसं त्या पठाराची शत्रू नव्हती, त्या व्यवस्थेचा भाग होती. हे कुंपण घालणाऱ्यांना कुणी सांगितलंच नसेल असं नाही. ऐकलं नसेल.

आता येरळेकडे वळतो, कारण या विषयावर जगाला दाखवण्याजोगं आपल्याकडे जे आहे ते तिच्या काठी आहे. येरळा खटाव तालुक्यात उगम पावते आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. पावसाळा सोडला तर नदी म्हणजे वाळूच, आणि वाळूवर ठेकेदार. वाळू पाणी धरून ठेवते, ती उपसली की काठच्या विहिरी बसतात, हे कळायला बाया-माणसांना भूगर्भशास्त्र लागलं नाही. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईचे कामगार गावी परतले. त्यात आमच्या खानापूर भागातले पुष्कळ होते. संघटना कशी करायची ते त्यांना ठाऊक होतं. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट ही माणसं तिच्यात होती. बळवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी मागणी केली, की वाळूचा लिलाव बंद करा आणि थोडी वाळू आम्हाला विकू द्या, त्या पैशातून आम्हीच नदीवर धरण बांधतो. सरकारला हे पचायला वेळ लागला, लोकांना त्यासाठी भांडावं लागलं. शेवटी वाळूचे पैसे, बाहेरच्या मित्रांनी दिलेली मदत आणि श्रमदान यांतून ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं.

धरण छोटं आहे. पाहायला गेलात तर निराश व्हाल, तिथं फोटो काढण्यासारखं काही नाही. त्याचं मोल भिंतीत नाहीच. पाणी अडायच्या आधी लोकांनी ठरवलं होतं, की पाण्याचा हिस्सा जमिनीवर मोजायचा नाही, प्रत्येक कुटुंबाला सारखा द्यायचा. ज्याला गुंठाही जमीन नाही त्यालासुद्धा. आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही. भूमिहीन पाणी घेऊन काय करणार, असं हसणारे तेव्हाही होते. उत्तर सोपं आहे: ज्याच्याकडे जमीन आहे आणि पाणी कमी आहे त्याच्याशी तो वाट्यानं शेती करणार. आजवर मजूर म्हणून ज्याच्या बांधावर उभा राहायचा, त्याच्याशी आता पाणीवाला म्हणून बोलणार. त्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हेच सूत्र धरलं होतं: माणशी अर्ध्या एकराचं पाणी, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही.

हे शेवटचं कलम मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. पाण्याचा हक्क विकता येत नसेल तर पैसेवाल्याला पाळीतून उठता येत नाही, आणि अडलेल्याला पोरीच्या लग्नासाठी किंवा दवाखान्यासाठी आपलं पाणी कायमचं गमवावं लागत नाही. याच्या नेमकी उलटी वाट राज्यानं २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात उघडून ठेवली. पाण्याचे हक्क ठरवायचे आणि त्यांच्या व्यापाराचे निकष करायचे, अशी तरतूद त्यात आहे. हिशेबी माणसाला ती शहाणपणाची वाटेल: ज्याला पाण्याची किंमत जास्त, त्याच्याकडे पाणी जाईल. पण जास्त किंमत कोण देऊ शकतो हे जतच्या मेंढपाळाला विचारायची गरज नाही.

आता माझं न पटणारं निम्मं. पैसाच नको, हे आपल्याकडे एक दिवसही चालणार नाही. कराडजवळ टेंभूपाशी कृष्णेचं पाणी उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडीकडे नेलं जातं. ते ढाळावरून येत नाही, विजेवर चढतं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पंप वीजबिल थकलं म्हणून बंद पडलेले आपण पाहिलेत, ऐन उन्हाळ्यात. शेवटी ८१ टक्के बिल सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं सोसायचं असं सूत्र आलं तेव्हा कुठं आवर्तनांना थोडी शिस्त आली. हे पैसे कोणीतरी भरलेच पाहिजेत. ज्याला पाणी मिळालं त्यानं आपला भाग भरावा यात अन्याय काय? फुकट पाण्याचं आश्वासन हे बहुधा हेडवाल्यासाठी, कालव्याच्या तोंडाशी असलेल्यासाठी असतं. टेलच्या, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यापर्यंत फुकट पाणी पोचतच नाही. तेव्हा चढवण्याचा खर्च पैशात मोजावा, वसूल करावा, हिशेब फळ्यावर लावावा. पाणी कोणाला किती, हे मात्र पैशावर ठरू देऊ नये. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. सामाईक विहिरीवर लाईटबिल सगळे मिळून भरतातच की, म्हणून जास्त बिल भरणाऱ्याला जास्त आणे मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट, जुनं ते सगळं सामाईक आणि सोन्यासारखं होतं, हा भ्रम. गावचा पाणवठा गावाचा होता, आणि त्या गावात महारवाडा मोजलेला नव्हता. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा मुंबई कायदेमंडळातला बोले यांचा ठराव १९२३ चा, महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं ते १९२४ मध्ये, कागदावर. त्या पाण्याला हात लावायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि वर मार खावा लागला. सामाईक म्हणजे नेमकं कोणाचं, हे नावांनिशी लिहिलेलं नसेल तर ते गावातल्या बळकटांचं होतं. आजही होतं. गेल्या दहा वर्षांत माण, खटाव, कोरेगावनं श्रमदानात राज्याला धडा घालून दिला. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत २०१६ साली कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ मध्ये माणमधलं टाकेवाडी. पहाटे टिकाव-फावडं घेऊन डोंगरावर चढणारी ती माणसं आठवली की आजही बरं वाटतं. तरी एक प्रश्न या सगळ्या मोहिमांना विचारलाच पाहिजे: सलग समतल चरात मुरलेलं पाणी खाली कोणाच्या विहिरीत निघतं? घाम भूमिहीनानंही गाळला, विहीर त्याची नाही. चर खणताना हजेरी लागते, वाटणीची मात्र वही नसते.

आणि ऊस. कृषी खर्च व मूल्य आयोगानंच लिहून ठेवलंय, की महाराष्ट्रात लागवडीच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळजवळ सत्तर टक्के पाणी घेतो. हा आकडा फेकून ऊसवाल्याला झोडपणं पुण्या-मुंबईच्या लोकांना फार आवडतं. पण द्राक्षबागायतदाराला विचारा: एक अवकाळी पाऊस आणि वर्ष गेलं. डाळिंबाला तेल्या रोग. टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर आहे, चौदा दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे, निदान कागदावर. कारखान्याची टोळी रानात येते, सोसायटी ऊस बघून कर्ज देते. ज्याला धोका परवडत नाही तो ऊस लावतो. त्यात मूर्खपणा नाही, सरळ हिशेब आहे. कृष्णाकाठी या हिशेबाची किंमत जमिनी क्षारपड होऊन चुकवलीय. वाळवा, मिरज, पलूसकडे पांढरी पडलेली रानं बघा, नाहीतर निचऱ्याचे सच्छिद्र पाइप गाडायला किती खर्च येतो ते विचारा.

म्हणूनच वाटणी पाणी यायच्या आधीच ठरावी, यावर मी एवढा अडून बसलोय. एकदा पाणी आलं, ऊस लागला, त्यावर कर्ज निघालं, जमिनीचा दर वाढला, की मग कोणत्याही ग्रामसभेला समान वाटपाचा ठराव करता येणार नाही. केला तरी तो लोकांना अन्याय वाटेल, आणि थोडाफार असेलही, कारण लावलेल्या उसावर कोणाचं तरी घर उभं असतं. पाणी यायच्या आधी मात्र सगळेच कोरडवाहू असतात. तेव्हा कोणाकडेच सोडण्यासारखं काही नसतं, म्हणून वाटणीवर बोलता येतं. बळवडी-तांदुळवाडीला ते जमलं, कारण धरण नव्हतं तेव्हा नियम झाले. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींनी १९९३ पासून दुष्काळी तालुक्यांची पाणी संघर्ष परिषद भरवायला सुरुवात केली. पुढं त्याच लढ्यातून पाणी बंद नळातून आणि समन्यायी वाटायचं अशी आटपाडीची मांडणी पुढं आली. तीही पाण्याची वाट बघत असतानाच. बागायत झाल्यावर अशी परिषद भरवायला कोण येतं?

सध्या विस्तारित टेंभू आणि विस्तारित म्हैसाळची कामं चालू आहेत. जत पूर्वेच्या गावांनी पाण्यासाठी एकदा कर्नाटकात जायचा ठराव केला होता. त्याचाच आधार घेऊन २०२२ मध्ये तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी चाळीस गावांवर हक्क सांगितला, तेव्हा इथल्या पुढाऱ्यांना जत आठवलं. आता तिथं पाइप पडतील. उद्घाटनाच्या सभेत पाणी कधी येणार हे सांगितलं जाईल, किती येणार हेही. कोणाला किती, हे विचारायची वेळ आत्ताच आहे. २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानं पाणी वापर संस्थेला मोजून पाणी मिळतं आणि आतली वाटणी संस्थेच्या हातात राहते, म्हणजे निम्मी वाट मोकळीच आहे. अडचण एवढीच, की संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातला जमीनधारक. मेंढरं घेऊन सहा महिने बाहेर राहणारा, कोयत्यावर गेलेला, आणि सातबाऱ्यावर नाव नसलेली घरातली बाई, हे तिघंही त्या यादीत येत नाहीत.

याला दोन उपाय मला दिसतात आणि दोन्ही कटकटीचे आहेत. एक, कायद्यात दुरुस्ती करून गावात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाला सभासदत्व देणं. यासाठी विधानसभेत कोणीतरी घसा कोरडा करायला हवा आणि तसा आमदार आज तरी दिसत नाही. दुसरा, संस्था नोंदवतानाच उपविधीत लिहून घेणं, की पाण्याचा ठरावीक भाग भूमिहीन कुटुंबांसाठी राखलाय, तो त्यांना वाट्यानं देता येईल पण विकता येणार नाही. आणि बारमाही पिकाला एकूण पाण्याच्या इतक्याहून जास्त मिळणार नाही. असा उपविधी निबंधकाच्या टेबलावर अडकेल, कोणी कोर्टात जाईल, हेही मला दिसतंय. तरी तो लिहिलेला असला तर भांडायला हातात काही राहतं. आणि यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी, दिवाळीनंतर नको, कारण तोपर्यंत तोडणी मजूर कारखान्यांच्या फडात पोचलेले असतात. मेंढपाळही तेव्हा गावात नसतात. पावसाळ्यात, सगळे घरी असताना ती सभा लावा.